पेटीतील बाळ आणि आपला समाज
(वार्षिक संमेलनात महिला शाखेतर्फे झालेले भाषण)



चिटणीस बाईंनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी वक्ती नव्हे. परंतु ज्या प्रसंगातून आमचे कुटुंब गेले, त्यातून आपल्यातील आणखीही कुटुंबे जात असतील, आणि त्याविषयी आपल्यात उघडपणे बोलले जात नाही, म्हणून मी आपणांसमोर उभी आहे.

आमची कन्या तिसाव्या आठवड्यात, म्हणजे पूर्ण दिवसांच्या दहा आठवडे आधी जन्मास आली. वजन अवघे १,२५० ग्रॅम. तालुक्याच्या गावी तिची व्यवस्था होण्यासारखी नव्हती. म्हणून काही तासांतच तिला रुग्णवाहिकेने शहरातील रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात हलविले. मी तेथे पोहोचले ती तिसऱ्या दिवशी. काचेच्या पेटीत माझे मूल निजले होते. नाकाशी हवेचा दाब देणारी नळी, तोंडातून पोटात उतरलेली दुसरी बारीक नळी, आणि पावलाला बांधलेला तांबडा दिवा. पेटीवरील चिठ्ठीवर माझे नाव होते व त्यापुढे केवळ 'बाळ' असे लिहिले होते.

अशा बाळांचा मोठा शत्रू म्हणजे अपुरी फुप्फुसे. फुप्फुसांतील हवेचे सूक्ष्म फुगे मिटू नयेत म्हणून निसर्ग त्यांना आतून एक स्निग्ध लेप देतो. परंतु तो पुरेसा तयार होतो गर्भवासाच्या अखेरच्या आठवड्यांत. या लेपाच्या अभावी बाळे दगावतात, हे डॉ. मेरी एलन एव्हरी या विदुषीने १९५९ मध्ये दाखविले. तरीही १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला पुत्र याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. सत्ता आणि संपत्ती दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. उपाय मात्र नव्हता. पुढे १९८० मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी हा लेप बाहेरून फुप्फुसांत घालून बाळे वाचविल्याचे प्रसिद्ध केले. राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला जे मिळू शकले नाही, ते माझ्या मुलीला मिळाले. विज्ञानाचे हे ऋण मी विसरू शकत नाही.

अपुऱ्या दिवसांची बाळे मधूनच श्वास घ्यावयाचे विसरतात. यंत्राची घंटी वाजे, परिचारिका धावत येऊन तळव्याला हलकेच टिचकी मारी, आणि छाती पुन्हा हलू लागे. त्यावर औषध कोणते, तर कॉफीत असते तेच कॅफिन! दर दोन तासांनी नळीवाटे दोन मिलिलिटर दूध जाई. ते मातेचेच असावे, यावर डॉक्टरांचा कटाक्ष होता. आईला दूध पुरत नसेल तर दुसऱ्या मातेचे दान केलेले दूध तपासून, तापवून देतात. आशियातील अशी पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे आपणांस अभिमानास्पद आहे.

दुसऱ्या आठवड्यात मुलीला माझ्या उघड्या छातीशी बांधले. कांगारूप्रमाणे बाळ उराशी धरण्याची ही रीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातील बोगोटा शहरी सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, जन्मल्याबरोबर हे केल्यास अशा बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात. पिताही हे करू शकतो; आमच्या घरी त्यांनी ते रोज केले.

आता थोडे कटू बोलते, त्याची क्षमा असावी. चव्वेचाळीस दिवसांत उपचारांची उणीव भासली नाही. उणीव भासली ती माणसांची. ज्या घरून प्रत्येक बारशास आहेर येतो, तेथून साधी विचारपूसही आली नाही. द्वेष कोणाच्याच मनी नव्हता. 'मूल जगते की काय ते पाहू, मग जाऊ', एवढाच विचार होता. ज्या आल्या त्यांनी विचारले, 'गरोदरपणी काय खाल्लेस? जिने चढलीस का?' पुष्कळदा वेळेपूर्वी प्रसूती का झाली, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मग आईच्या कपाळी दोष का लावावा? शेजारच्या पेटीतील बाळ एका पहाटे गेले. त्याच्या आईस नातलग म्हणाले, 'नाव तरी कुठे ठेवले होते? विसरून जा.' ती माउली नऊ दिवस त्या पेटीशी बसली होती. तिने काय विसरावे?

आपल्या पत्रिकेत जन्माची वार्ता नामकरणानंतर छापतात. माझी पहिली विनंती अशी की, ती जन्माबरोबरच छापावी. मूल जन्मले त्या क्षणी ते आपल्या समाजाचे झाले. ते जगेल की नाही, या प्रश्नावर त्याचे आपलेपण अवलंबून नसावे.

दुसरी विनंती, शहरातील आपल्या वसतिगृहाची एक खोली अशा मातापित्यांसाठी राखून ठेवावी. आई जवळ असेल तरच दूध आणि ऊब दोन्ही बाळास मिळतील. रुग्णालयाच्या ओसरीवर निजणाऱ्या ओल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत. गर्दी करून भेटावयास जाऊ नये, जंतुसंसर्गाचे भय असते. परंतु डबा पोहोचवावा, घरची थोरली मुले सांभाळावीत.

तिसरी, प्रत्येक कुटुंबाने एवढे ध्यानी ठेवावे: चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे तिसाव्या दिवसाच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. नेत्रपटलाचा विकार वेळीच कळला तर दृष्टी वाचू शकते. विलंब झाला तर ती कायमची जाण्याचा धोका असतो.

कार्यकारिणीने या सूचनांचा विचार करून निर्णय घ्यावा, अशी नम्र प्रार्थना करून मी आपली रजा घेते.