दायमाबाद, सुमेर आणि आपण

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजचा विषय आम्ही स्वतः मागून घेतला. त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी याच व्याख्यानमालेत आम्ही दायमाबादवर बोललो होतो. त्या दिवशी आम्ही छातीठोकपणे सांगितले की, दायमाबादचे लोक सुमेरहून आले, तेथील रथावरचा नाग ही आपल्या नागवंशाची खूण आहे, आणि म्हणून आपले पूर्वज सुमेरचे राज्यकर्ते होते. टाळ्या भरपूर पडल्या. आम्हीही खूश होऊन घरी गेलो.

पुढे त्या सभेतल्या एका विद्यार्थ्याने हे सारे एका निबंध स्पर्धेत लिहिले. परीक्षकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "याला आधार काय?" त्याने आमचे नाव सांगितले. मग तो आमच्याकडे आला. आमच्याजवळ दोन पुस्तिका होत्या. पहिलीने दुसरीचा आधार दिला होता आणि दुसरीने पहिलीचा. मुलगा काही बोलला नाही. पण खाली मान घालून गेला. ते ऋण फेडण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

प्रथम दायमाबाद काय आहे ते पाहू. पूर्वीच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर हे ठिकाण आहे. 1958 साली बी. पी. बोपर्डीकर यांनी ते शोधले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे तीन वेळा उत्खनन केले: प्रथम म. न. देशपांडे यांनी, नंतर एस. आर. राव यांनी आणि 1975 ते 1979 या काळात एस. ए. साळी यांनी. एकावर एक असे पाच संस्कृतींचे थर निघाले. सर्वांत खाली सावळदा, त्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि शेवटी जोर्वे. इसवी सनापूर्वी सुमारे 2200 पासून 1000 पर्यंत, म्हणजे बाराशे वर्षांच्या आसपास, माणसे तेथे राहत होती.

उत्तर हडप्पा थरात मातीच्या दोन गोल मुद्रा आणि काही खापरे मिळाली. त्यांवर सिंधू लिपीची चिन्हे आहेत. म्हणजे सिंधू संस्कृतीशी दायमाबादचा संबंध होता, ही कल्पना नव्हे. ते हाती लागलेले आहे, थरातून निघालेले आहे.

आणि तो प्रसिद्ध रथ? तो उत्खननात मिळाला नाही. 1974 साली एक भिल्ल शेतकरी झुडपाच्या बुडाशी खणत असताना तेथे चार ब्राँझच्या वस्तू लागल्या: दोन बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोहून अधिक वजनाच्या. रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब. तो हाकणारा पुरुष उभा आहे, दांडीवर एक कुत्रा उभा आहे, आणि पुरुषाच्या आकृतीत नागाच्या चार फण्या दाखवल्या आहेत. बहुतेक अभ्यासक या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. पण डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. या धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, तसे त्या काळच्या इतर वस्तूंत आढळत नाही. शिवाय त्या थरातून निघालेल्या नाहीत. म्हणून त्या बऱ्याच नंतरच्याही असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. मित्रहो, ज्या रथाच्या काळाबद्दलच जाणकारांत मतभेद आहेत, त्याच रथात बसून आम्ही थेट सुमेर गाठले होते!

त्या रथात बसणारे आम्ही एकटेच नव्हतो. त्याच फण्या आणि भोवतीचे प्राणी पाहून काहींना तेथे पशुपती शिव दिसला. माळवा थरातल्या अग्निकुंडांत काहींना वैदिक यज्ञ दिसला. ज्याला जे हवे होते, ते त्याला प्रवरेकाठी सापडले.

दूरच्या संस्कृतींशी नाते जोडणारे सगळेच काही हौशी नव्हते. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया हे महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातले मोठे नाव. 1950-51 मध्ये त्यांनी आणि शां. भा. देव यांनी आपल्या नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केले. पुढे नर्मदाकाठच्या नावडातोली येथे तोटीची भांडी मिळाली, तेव्हा इराणमधल्या तशाच भांड्यांशी त्यांचे साम्य सांकलियांनी 1955 साली विद्वानांपुढे मांडले. इराणकडून लोक आले असावेत, असा तर्क त्यातून निघाला. पुढे अधिक उत्खनने झाली, कार्बन पद्धतीने काळ ठरू लागला. आज अभ्यासक असे मानतात की, जोर्वे संस्कृती माळवा संस्कृतीतून आणि येथल्याच आधीच्या वस्त्यांतून वाढली. पण सांकलियांची पद्धत पाहा. त्यांनी भांडे दाखवले, थर सांगितला, ठिकाण सांगितले. म्हणूनच मागून येणाऱ्यांना ते तपासता आले. आमच्या त्या भाषणात तपासण्यासारखे काहीच नव्हते.

आमची नोकरी बँकेतली, त्यामुळे एक दाखला तिथलाच देतो. काउंटरवर चेक आला की आम्ही सही नमुना सहीशी ताडून पाहतो. सही सारखी दिसली, एवढ्यावर पैसे देत नाही. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, शिल्लक, सगळे जुळावे लागते. साम्य ही तपासणीची सुरुवात असते, शेवट नसतो. दायमाबादच्या नागासारखा नाग सुमेरमध्येही दिसला, तर ती झाली सहीची एक वेलांटी. नाग साऱ्या जगात आहेत. ज्याने नाग पाहिला तो त्याचे चित्र काढणारच.

कोणी म्हणेल, सिंधू आणि सुमेर यांचा व्यापार होता, हे तर सिद्ध आहे. होय, सिद्ध आहे. उर येथे सिंधू पद्धतीच्या मुद्रा मिळाल्या, तेथल्या राजघराण्याच्या थडग्यांत कार्नेलियनचे मणी मिळाले. अक्कडचा राजा सारगॉन याच्या लेखात मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागल्याची नोंद आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश असे बहुतेक विद्वान मानतात. पण व्यापार म्हणजे वंश नव्हे. आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षे युरोपात जातात. उद्या कोणी तिथे ती पेटी पाहून म्हणाला की, निफाडचे शेतकरी हॉलंडहून आले, तर आपण हसू. मग दायमाबादचा हडप्पाशी संबंध, हडप्पाचा उरशी व्यापार, म्हणून आपण उरचे राजे, हे गणित कसे जमते?

आता आपल्या दारातली गोष्ट. येथून काही मैलांवर त्रिरश्मी डोंगरावर आपली लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. भिक्खूंनी राहण्यासाठी, बौद्ध उपासकांच्या दानातून झालेली ही लेणी पांडवांच्या नावावर गेली. कशी? कोणाला तरी वाटले, एवढे मोठे काम सामान्य माणसांचे नसणार. बुद्धमूर्तीत कोणाला धर्मराज दिसला, कोणाला भीम. आपण त्याला हरकत घेतो, आणि घ्यायलाच हवी. का घेतो? भिंतीवर लेख आहेत म्हणून.

त्या लेखांची ताकद पाहा. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. पैकी 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. 1000 दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. 2000 वर दरमहा 20, वर्षाचे 240. वीस भिक्खू गुणिले बारा, 240. एका कार्षापणाचाही फरक नाही! इतक्या शतकांनंतर नाशिकच्या एका कारकुनाला खाते जुळवून पाहता येते. याला पुरावा म्हणतात.

मित्रहो, ज्या पद्धतीने पांडव आपल्या लेण्यांवर बसवले गेले, त्याच पद्धतीने आम्ही सुमेरचे राजे दायमाबादवर बसवले. दुसऱ्याची खोटी नोंद खोडायची आणि आपली लिहायची, हे चालणार नाही.

येथे एक प्रश्न हमखास येतो, "बाबासाहेबांनीच नागांचा उल्लेख केला ना?" केला. नागपूरच्या दीक्षेच्या वेळीही केला. पण 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाची प्रस्तावना आवर्जून वाचा. आपला सिद्धान्त हा अखेरचा शब्द आहे असा दावा आपण करत नाही, असे ते तेथे स्पष्ट सांगतात. दुवे तुटलेले असताना तर्क करण्याचा हक्क ते मागतात. पण तर्काला तर्क म्हणतात. त्याच ग्रंथात ते हेही दाखवतात की, अस्पृश्यता वंशभेदातून जन्मलेली नाही. 1946 च्या शूद्रांवरील ग्रंथात तर बाहेरून आलेल्या आर्य वंशाची कल्पनाच ते पुराव्याने नाकारतात. ज्यांनी वंशाची भिंत पाडली, त्यांच्याच नावाने आपण नवा राजवंश उभारायचा का?

भगवंतांनी कालामांना सांगितले ते आपण दर वर्षावासात ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. आपण हे दुसऱ्यांच्या ग्रंथांना चटकन लावतो. स्वतःला गोड वाटणाऱ्या गोष्टीला लावणे अवघड जाते. त्या मुलाने आमचे म्हणणे आम्ही वडीलधारे म्हणून मानले. त्याची चूक लहान होती, आमची मोठी.

आम्हाला सुमेर का हवा होता, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. ज्यांच्या आजोबांना गावाबाहेर ठेवले, त्यांना सिंहासनावर बसलेला पूर्वज हवासा वाटतो. त्या दुःखाला आम्ही हसत नाही; ते आमचेही आहे. पण 2 मार्च 1930 रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला जे उभे राहिले, ज्यांची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली, त्यांनी आम्ही राजांचे वंशज आहोत म्हणून दार उघडा असे म्हटले नाही. आम्ही माणसे आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पूर्वज राजे निघाले तरच मान मिळणार असेल, तर ज्यांचे पूर्वज राजे नव्हते त्यांचे काय? तो रथ ज्याच्या हाताला लागला त्या भिल्ल बांधवाचे काय?

विद्यार्थ्यांना एकच सांगणे आहे. दायमाबादला जा, जोर्वे पाहा, आपली गढी ढासळते आहे ती राहील तोवर पाहा. ब्राह्मी लिपी शिका. महिन्याभरात अक्षरे ओळखता येतात. पुरातत्त्व शिका आणि उत्खननाच्या खड्ड्यात स्वतः उतरा. उद्या खरोखरच प्रवरेकाठी सुमेरची मुद्रा निघाली, तर ती थरासकट जगापुढे ठेवा. आम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकू.

तो निबंध लिहिणारा मुलगा आज सभागृहात आहे. बाळा, त्या दिवशी तू आधार विचारायला आलास आणि आमच्याजवळ तो नव्हता. चूक आमची होती. ती आज सर्वांसमक्ष दुरुस्त करीत आहोत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!