मोरीत काय जाते, याचा हिशेब
(युवकांच्या बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आज मी मोरीबद्दल बोलणार आहे. हसू नका. संविधान, शिक्षण, तलाक यांवर आपण पुष्कळ बोलतो. पण समतेची एक परीक्षा रोज आपल्या सिंकखाली होत असते.

मोरी तुंबते कशाने? स्वयंपाकघरात मुख्यतः तेल आणि चरबीने. पायाचा रस्सा गरम असतो तोवर चरबी पातळ असते. पाइपात ती गार होते आणि कडेला चिकटते. तिच्यावर चहाचा चोथा, भाताची शिते, कणीक बसते. वरून गरम पाणी ओतले तरी ती फक्त पुढे सरकते आणि बिल्डिंगच्या चेंबरमध्ये गोठते. न्हाणीघरात केस अडकतात. संडासात टाकलेले पॅड, डायपर आणि ओले वाइप्स तर विरघळतच नाहीत.

उपाय सोपे आहेत. सिंकला आणि न्हाणीला जाळी बसवा. भांडे धुण्याआधी खरकटे काढा, तेलकट कढई जुन्या वर्तमानपत्राने पुसा. उरलेले तेल बाटलीत साठवा. चोथा ओल्या कचऱ्यात टाका. पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि जाळी साफ करणे हे एकट्या अम्मीचे काम नाही. मुलांनो, तुमचे हात त्यात गेले पाहिजेत.

बकरी ईदबद्दलही बोलू. अलीकडची काही वर्षे ती जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर आली. चरबी, आतडी, शेण पाण्याच्या पाइपने गटारात ढकलले की पहिल्या मोठ्या सरीत तेच पाणी आपल्या आणि शेजाऱ्याच्या दारात येते. हा कचरा पिशवीत भरून पालिकेच्या गाडीत द्या. रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानाचा भाग, असे आपल्याला शिकवले आहे. मग ती वस्तू आपणच रस्त्यावर कशी टाकतो?

आता खरा प्रश्न. तुंबलेले काढते कोण? 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास बंदी आहे. तरी डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीला एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. 2021 मध्ये प्रत्येकी 10 लाखांच्या भरपाईचा आदेश निघाला. तिथे काम सरकारी नव्हते. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सोसायटीचे होते.

गटारात उतरणारे बहुतेक दलित असतात. आपल्यातही मेहतर, हलालखोर आहेत. हलालखोर म्हणजे कष्टाची हलाल कमाई खाणारा. नाव इतके मानाचे, पण त्याच्या घरी रिश्ता जोडायला किती जण तयार होतात? नमाजच्या रांगेत खांद्याला खांदा लावायचा आणि चेंबर तुंबला की त्यालाच हाक मारायची, ही समता नव्हे.

म्हणून या महिन्यात दोन कामे करा. घरी जाळी बसवा. आणि सोसायटीच्या किंवा मोहल्ल्याच्या बैठकीत ठराव मांडा: चेंबर, टाकी यंत्रानेच साफ होईल, माणूस आत उतरणार नाही. खर्च जास्त येतो म्हणून कोणी कुरकुर करील. त्याला शांतपणे विचारा, तुमचा मुलगा उतरेल का?