डोळ्यांतील दारें

कृष्णाकाठीं उसाला पाणी पाजतांना शेतकरी रात्र रात्र जागून दारें धरतो. एक दार वेळेवर उघडलें नाहीं तर एक वाफा तुंबतो व दुसरा वाळतो, हें सातारा-सांगलीकडील श्रोत्यांस सांगावयास नको. मनुष्याच्या डोळ्यांतहि अशीं दारें आहेत. तीं जन्मतः निकामी असलीं तर मुलाची दृष्टि हिरावली जाते.

डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश टिपणाऱ्या पेशींचें दृष्टिपटल असतें. त्याच्या पाठीशीं काळसर रंगकणांनीं भरलेल्या पेशींचा एकच थर आहे. प्रकाशपेशींचे पोषण करणें, त्यांचा रोज झिजून गळणारा भाग गिळून टाकणें, आणि मधलें पाणी उपसून पटल जागच्या जागीं चिकटून ठेवणें, हीं सारीं कामें या रंगपेशी करतात.

उजेड पडतांच प्रकाशपेशींभोवतालच्या द्रवांतील पोटॅशियम, शेतीच्या भाषेंत पालाश, बरेंच कमी होतें. रंगपेशींच्या पटलाकडील अंगास असलेलीं दारें ही उणीव भरून काढतात. प्रत्येक दार म्हणजे चार सारख्या प्रथिनांची चौकट. तींतून पोटॅशियम जातें, सोडियमला मज्जाव असतो. या प्रथिनाचा आराखडा के.सी.एन.जे. १३ नांवाच्या जनुकांत आहे. जर्मन नेत्रवैद्य लेबर यांनीं १८६९ सालीं बालकांच्या ज्या जन्मजात अंधत्वाचें वर्णन केलें, त्याच्या एका अतिविरळ प्रकाराचें मूळ या जनुकाच्या बिघाडांत आहे, असें २०११ सालीं दाखविण्यांत आलें.

असें मूल जन्मलें कीं शेजारीपाजारीं कुजबुज सुरू होते: ग्रहणांत आईनें कांहीं चिरलें काय? या आरोपास तिळमात्र आधार नाहीं. सदोष प्रत आई आणि बाप या दोघांकडूनहि आली तरच हा रोग होतो. दोघेहि स्वतः डोळस असतात, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका राहतो. मामाच्या मुलीशीं विवाह करण्याची चाल या भागांत जुनी आहे. आते-मामे भावंडांचीं सुमारें एक अष्टमांश जनुकें एकाच पूर्वजाकडून आलेलीं असतात. म्हणून एकच दडलेला दोष दोघांजवळ असण्याचा संभव वाढतो. अशा बहुतेक जोडप्यांचीं मुलें निकोप निपजतात, हेंहि तितकेंच खरें. परंतु घराण्यांत जन्मांधत्व असेल तर सोयरीक जुळविण्यापूर्वीं जनुकतज्ज्ञांचा सल्ला घेणें हें शहाणपणाचें.

तीन महिन्यांचें मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहत नसेल, त्याचीं बुबुळें सारखीं हलत असतील, किंवा तें मुठींनीं डोळे दाबीत असेल, तर नेत्रवैद्यांकडे नेण्यास विलंब लावूं नये. याच रंगपेशींतील आर.पी.ई. ६५ या दुसऱ्या जनुकाच्या दोषावर अमेरिकेंत २०१७ सालीं जनुकोपचार मान्य झाला. पोटॅशियमच्या दारांसाठीं प्रयोग चालू आहेत. २०२३ सालीं उंदरांत व रोग्यांच्या पेशींत त्यांस कांहीं यश आलें. मुलासाठीं उपचार हातीं येईपर्यंत काळ लागेल. आईच्या माथ्यावरील कलंक मात्र आजच पुसतां येतो.