माशांच्या ताटात यीस्ट



ज्या यीस्टने पाव फुगतो, ते आता तळ्यातल्या माशांना चारतात, असे सांगितले तर आपण हसाल. मासळी न खाणाऱ्या भगिनींनीही कंटाळू नये. गोष्ट हिशेबाची आहे.

आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत रोहू, कटला, मृगळ वाढतात. पाळलेल्या माशांना कोंडा आणि भुईमुगाची ढेप घालण्याची जुनी रीत. कारखान्यातल्या खाद्यात मात्र मासळीचे कूटही असते, आणि ते होते समुद्रातल्या तारलीसारख्या लहान मासळीचे. कोकणात गरिबाच्या ताटातली मासळी ती! मासे पोसायला मासेच दळायचे, हा कुठला संसार?

यीस्ट उसाच्या मळीवरही वाढते. सुकवलेल्या यीस्टमध्ये शेकडा ४० ते ५० भाग प्रथिने असतात. माणसाने ते फार खाल्ले तर अंगात यूरिक आम्ल वाढते. माशाचे यकृत ते आम्ल मोडून टाकते. उणीव एवढीच की, मेथिओनिन नावाचा घटक त्यात कमी. डाळीतही तो कमीच असतो, म्हणून तर आपण डाळीबरोबर भात वाढतो! तसेच इथेही जोड द्यावी लागते. कुटाचा काही भागच यीस्टने भरून निघतो. शिवाय ढेपेहून ते साधारणतः महाग पडते.

मत्स्यपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचाच. तलाव ठेक्याने घेणाऱ्या ढिवर कुटुंबाच्या हाती काय उरते, ते यावरच ठरते. तेव्हा पुढच्या सहलीत तेलंगखेडीचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय पाहावे, अशी माझी सूचना आहे. बाजारात घासाघीस करणाऱ्या भगिनींनी अवश्य यावे.