सलाईनच्या बाटलीत काय असतं?

(पाड्यावरच्या बैठकीत एका निवृत्त सरकारी डॉक्टरांनी केलेलं भाषण.)



आम्ही डॉक्टर लोक जन्मभर तुम्हाला सुया टोचत आलो. आता निवृत्त झालो, तर खरं सांगून टाकतो.

एक लिटर सलाईनमध्ये काय असतं? पाणी आणि 9 ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. तरी अंग दुखलं की तुम्ही म्हणता ‘बाटली लावा’, आणि आम्ही लावतो. गोळीला कोण पैसे देतो? बाटलीला देतात.

एका पावसाळ्यात एक बाप पोराला घेऊन आला. आधी बाजारच्या खाजगी दवाखान्यात बाटल्या लावून झाल्या होत्या. त्यापायी प्लॉटवरचं उभं भात सावकाराला लिहून दिलं होतं. पोराला हगवण होती, पण ते पाणी पीत होतं. त्याला बाटलीची गरजच नव्हती.

1971 साली बांगलादेशचे निर्वासित बंगालमध्ये बनगावच्या छावणीत आले. पटकीची साथ आली, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून पाजायला लावलं. पाजणारी बहुतेक घरचीच माणसं. 100 रोग्यांत 30 मरत होते, ते 4 च्या खाली आले. ही गोष्ट आम्ही पाड्यापाड्यांत का सांगितली नाही, याचं उत्तर आमच्याकडे नाही.

म्हणून आता ऐका. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको. घोट घोट पाजत राहा, अंगावरचं दूध तोडू नका. पोर पिईना, डोळे खोल गेले, सुस्त पडलं, शौचातून रक्त आलं, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा. तिथे सलाईन जीव वाचवतं.

याचा अर्थ औषध खोटं असा नाही. टी.बी.च्या गोळ्या पूर्ण घ्या, पोरांना लस टोचा, साप चावला तर भगताकडे वेळ घालवू नका.

पण पोर पुन्हा पुन्हा का हगतं? ओढ्याचं गढूळ पाणी पितं म्हणून. का सुकतं? प्लॉट गेला की नागली जाते, रान बंद झालं की भाजी, कंद, खेकडे जातात. त्याच्यावर आमच्याकडे सुई नाही. झरा बांधून मागा, आरोग्य केंद्रात मीठ-साखरेच्या पुड्या मागा, आणि बाटलीसाठी जमीन गहाण टाकू नका.

जिंदाबाद!