डब्यातल्या बिया

मुलांना बिया जमविण्याची हौस उपजतच असते. चिंचोके, आठळ्या, निंबोळ्या, बहाव्याच्या चपट्या तकतकीत बिया, सारे उन्हाळ्यात एकाच डब्यात जाते; आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. जांभूळ नि फणस यांची बी वाळली की मेली. निंबोळीचीही रुजण्याची शक्ती काही आठवड्यांतच ओसरते. मग महिनाभर पाणी घालूनही काही उगवत नाही, आणि मूल बिचारे स्वतःच्या हाताला दोष देऊ लागते. म्हणून जांभूळ खाल्ले, की त्याची बी त्याच दिवशी मातीत जावी.

बहाव्याचे मात्र उलट. त्याचे कवच इतके टणक, की पाणी आत शिरत नाही. डोळा सोडून ती बी खरखरीत दगडावर किंचित घासावी, रात्रभर भिजवावी. सकाळी ती टच्च फुगलेली दिसते.

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. अशा समारंभांत मुलांच्या हाती बहुधा तयार रोपच येते; अंकुर फुटताना त्यांना दिसत नाही. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर निघतात. त्यांतला कोणता ठेवावा आणि कोणता अलगद दुसऱ्या कुंडीत न्यावा, यावर मुलांची चांगलीच खडाजंगी होते.