तारखेची पोच



ई-न्यायालयांचा सगळा इतिहास सांगत बसत नाही. 2007 मध्ये सुरुवात झाली, 2023 मध्ये तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी मंजूर झाले, हे आपण वाचलंच आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पक्षकाराला तारीख कळली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाची. मोबाइलवर मेसेज गेला म्हणजे तारीख कळली, असं धरून चालणार नाही.

होसकोट खटला घ्या, आपल्या महाराष्ट्रातलाच. विद्यापीठात शिकवणारा होसकोट नावाचा माणूस कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्यांसाठी शिक्का करून घ्यायला मुंबईत ब्लॉक बनवणाऱ्याकडे गेला आणि पकडला गेला. (हशा) पुढचं ऐका. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने 1973 मध्ये ती तीन वर्षांची केली. हा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला 1978 मध्ये, शिक्षा भोगून झाल्यावर! निकालाची प्रत मिळालीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. तुरुंगाचं म्हणणं, दिली होती. त्याची सही असलेली पोच मात्र कुठेच नव्हती. अर्ज फेटाळला गेला, पण न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने दंडक घातला: कैद्याला निकालाची प्रत फुकट द्या आणि त्याच्याकडून लेखी पोच घ्या.

निकालाच्या प्रतीची पोच हवी, तशीच तारखेचीही हवी. आता खालापूर-कर्जतकडे या. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. घरात फोन एक, तोही कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात, रिचार्ज संपलेला. मार्चमधल्या तारखेचा मेसेज कोण वाचणार? आणि गैरहजर राहिलं की एकतर्फी हुकूम.

वकील मंडळी अस्वस्थ झालेली दिसताहेत. मी यंत्राच्या विरोधात नाही हो! इथला, मोहोपाड्याजवळचा हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा (एचओसी) कारखाना बंद करण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला, कामगार गावोगाव पांगले. त्यांच्यातल्या कुणाला साताऱ्याहून व्हिडिओवर साक्ष देता आली, तर एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं वाचतं. ते हवंच आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. सरकारी योजना, भाषांतराचं सॉफ्टवेअर, सगळं सोडतो. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21 चाच भाग मानला, एवढंच नोंदवतो.

मागणी सांगतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने आदिवासींना, स्त्रियांना, कारखान्यातल्या कामगारांना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीच्या स्वयंसेवकाने तारखेचा कागद वाडीवर, नाहीतर थेट भट्टीवर न्यावा, मराठीत वाचून दाखवावा, सही किंवा अंगठा घ्यावा. ती पोच फायलीला लागेपर्यंत एकतर्फी हुकूम होऊ नये. आज सभागृहात वकील आहेत. या मागणीचा अर्ज मी लिहून आणला आहे, जाताना त्यावर सह्या करा.